कोयता चालतो, घागर चालत नाही: टाळेबंदीत अडकलेल्या एका ऊसतोड तळाचे प्रकरण

मार्च ते मे २०२० या काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या हद्दीत बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांचा एक तळ अडकून पडला होता. त्याची ही हकिगत. कारखाना, गावे आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील सैल ठेवले आहेत, आणि शेजारशेजारच्या दोन तळांवरचे प्रसंग एकत्र केले आहेत. तळावरच्या मदतीचे काम बीडकडून फोनवर पाहणाऱ्या चार-पाच जणींपैकी मी एक. तळावर प्रत्यक्ष जाणारी माणसे तिकडचीच होती: एक निवृत्त गुरुजी, एक आशाताई आणि एका पुरोगामी संघटनेतली दोन तरुण मुले.

टाळेबंदीतल्या मदतकार्याबद्दल लिहिताना किती किट वाटली हे आधी सांगायची पद्धत पडली आहे. या प्रकरणात किट सोडून इतर गोष्टीच जास्त सांगण्यासारख्या आहेत.

पार्श्वभूमी

ऊसतोडीचा व्यवहार ठाऊक नसलेल्यांसाठी आधी थोडे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादम, म्हणजे मजूर जमवून आणणारा मधला माणूस, प्रत्येक कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. तेव्हा ती साधारण पन्नास हजारांपासून लाखापर्यंत जात होती. ही उचल हंगामभर ऊस तोडून फेडायची. २०१९-२० च्या हंगामात तोडणीचा दर टनाला सुमारे २३९ रुपये होता. जोडीने दिवसाला दोन टन ऊस पाडला तरी त्यातला पैसा हातात पडत नाही, उचलीत वळता होतो. हातात येतो तो वाढ्यांचा पैसा. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. त्यांच्या पेंढ्या बांधून जवळच्या गोठेवाल्यांना विकायच्या आणि त्यातून तेल-मीठ, मिरची, मोबाइलचे रिचार्ज भागवायचे. गाडीवानांच्या बैलांचा चाराही तोच.

कागदोपत्री कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी असतो. मजुराचे नाव कुठे आलेच तर नवऱ्याचे येते. बायको अर्धा कोयता चालवते, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवरून वर चढते, पण यादीत ती नसते. त्यामुळे काही बिनसले की कारखाना म्हणतो, ही आमची माणसे नाहीत. मुकादम म्हणतो, मी नुसता मधला. बिनसले नाही तोवर दोघेही 'माझी टोळी' म्हणत असतात.

त्या वर्षीचा हंगाम मुळातच उशिरा लागला होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगली भागातला ऊस पाण्याखाली गेला आणि गाळप नोव्हेंबरच्या अखेरीकडे सुरू झाले. या तळावर साठेक कोप्या, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या होत्या. निम्म्याहून जास्त गाडीवान, म्हणजे बैलजोडी घेऊन आलेले, आणि बाकीचे टोळीवाले, म्हणजे टोळीने तोडून ट्रॅक्टर भरणारे. सगळे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले: वंजारी, मराठा, बौद्ध, मातंग, काही पारधी कुटुंबे. मुलांपैकी लहानगी सोबत होती आणि शाळेत जाणारी गावी आजी-आजोबांकडे. बीडमध्ये अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात. मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या तशी तीही बंद पडली आणि मुलांच्या जेवणाचा भार म्हाताऱ्यांवर आला.

२३ मार्चला राज्यात संचारबंदी लागून जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २४ च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. साखर कारखाने मात्र सुरू राहिले, कारण साखर जीवनावश्यक वस्तूंत मोडते. सगळा देश घरात बसलेला असताना तळावरची माणसे पहाटे चारला उठून फडात जात होती.

अडचण कशी वाढत गेली

पहिल्या आठवड्यात फार काही बिघडले नाही. आठवडी बाजार बंद झाला, गावातला किराणावाला दार अर्धे लावून माल देऊ लागला, तेल महागले. मग गावाने रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि तळावरच्या लोकांना गावात यायला बंदी केली. तळाचे पाणी गावच्या हापशावरून यायचे. एका सकाळी बायका घागरी घेऊन गेल्या तर चार पोरे काठ्या घेऊन उभी. सत्तरीच्या एका मावशीने त्यांना विचारले, "आमचा कोयता चालतो, घागर चालंना व्हय?" हे वाक्य तिने आम्हाला फोनवर तीनदा ऐकवले, दर वेळी थोडे जास्त चिडून. त्या दिवशी दुपारी त्याच गावातल्या एका बागायतदाराचा ऊस त्याच बायकांनी तोडला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला. हंगाम संपला. एरवी या दिवसाची वाट पाहतात. हिशेब होतो, गाड्या सजतात, बैलांच्या शिंगांना बेगड लागते. या वेळी तोड थांबली म्हणजे वाढे थांबले. वाढे थांबले म्हणजे रोजचा पैसा आणि बैलांचा चारा दोन्ही एकाच दिवशी थांबले. गावी जायला सीमा बंद. थांबायला कोप्या, आणि वर एप्रिलचे ऊन.

मुकादमाने किराणा भरून द्यायची तयारी दाखवली. वरवर पाहता चांगलेच. पण तो माल प्रत्येकाच्या खात्यावर चढणार होता आणि दर मुकादम लावेल तो. ज्यांची उचल फिटत आली होती त्यांची बाकी पुन्हा फुगणार आणि पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडणार. मदत कुणाच्या हातून येते यावर ती मदत आहे की कर्ज हे ठरते, ही गोष्ट आम्हाला तळावरच्या लोकांनी समजावली. आमच्या पहिल्या बैठकीत तो मुद्दाच नव्हता. तिथे सगळी चर्चा किती किलो पीठ पाठवायचे यावर झाली होती.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग सरळ होता: वर्गणी काढून शिधा पोहोचवायचा. लगेच होणारा, आणि कुणाशी भांडण नाही. त्यावर आमच्यातल्याच एकीचा आक्षेप होता की आपण शिधा दिला की कारखाना मोकळा सुटतो. मार्चच्या अखेरीसच सरकारने आणि साखर आयुक्तालयाने कारखान्यांना सांगितले होते की अडकलेल्या मजुरांची राहण्या-जेवणाची सोय करा. जबाबदारी ठरलेली असताना ती लोकवर्गणीतून का भागवायची? आक्षेप रास्त होता. पण तो ती घेत होती बीडला घरात बसून, आणि तळावर तेव्हा दोन दिवसांचे पीठ उरले होते.

दुसरा मार्ग रेशनचा. २६ मार्चला केंद्राने जाहीर केले होते की अन्नसुरक्षा यादीतल्या प्रत्येक माणसाला तीन महिने दरमहा ५ किलो धान्य फुकट मिळेल. महाराष्ट्रात एका दुकानाचे कार्ड दुसऱ्या दुकानात चालायची सोयही होती. तिकडच्या दुकानात धान्य मागायचा हक्क होताच. पण त्यात दोन खाचा निघाल्या. संसर्गाच्या भीतीने लाभार्थ्याचा अंगठा घेणे थांबवले होते आणि दुकानदाराच्याच अंगठ्यावर वाटप चालले होते. गुरुजींनी काही कार्डे तपासून घेतली तर त्यांवरचे धान्य गावाकडे आधीच 'उचलले' असे दिसत होते. काही ठिकाणी ते खरोखर आजीने नेले होते. काही ठिकाणी कुणीच नेले नव्हते. दुसरी खाच त्याहून अवघड. कार्ड एकच, त्यावर आजी-आजोबा आणि मुलेही. इकडे तळावर धान्य उचलले तर तिकडे मुलांच्या ताटातले जाते. कायद्याने हक्क कुटुंबाचा होता, आणि कुटुंब तीनशे किलोमीटरवर दोन जागी वाटले गेले होते.

तिसरा मार्ग कारखान्याकडून लेखी कबुली घ्यायचा: शिधा, पाणी, चारा द्यायचा आणि तो कुणाच्या खात्यावर चढवायचा नाही. चौथा, गाजावाजा करायचा. व्हिडिओ, पत्रकार, समाजमाध्यमे. आणि पाचवा लोकांनी स्वतःच बोलायला सुरुवात केली होती: रात्री गाड्या जुंपायच्या आणि निघायचे.

मजुरीचा मुद्दा आम्ही चर्चेत घेतला आणि सोडून दिला. २९ मार्चच्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशात टाळेबंदीतही पूर्ण पगार द्या असे मालकांना बजावले होते. टनावर काम करणाऱ्याला, आणि ज्याचा मालक कोण हेच ठरलेले नाही अशाला, तो आदेश कसा लावायचा? एका वकिलांनी फोनवर सांगितले की मुद्दा लढण्यासारखा आहे, पण निकालाला वर्षे जातील. तो आम्ही बाजूला ठेवला.

काय केले

*वही.* सगळ्यात आधी तळावर कोण कोण आहे ते लिहून घ्यायचे ठरले. दहावी शिकलेली एक सून होती, तिच्याकडे मुलाची शंभर पानी वही होती. तिने कोपीवार माणसे लिहिली. नवरा आणि बायको दोघांची नावे वेगवेगळ्या ओळीत, मुले, वय, गाव, तालुका, आधार क्रमांक. बीपीच्या गोळ्या कुणाला लागतात, गरोदर कोण, कितवा महिना, अंगावर पाजणारी कोण. प्रत्येक पानाचा फोटो काढून तिने व्हॉट्सअॅपवर पाठवला. दोन पानांवर कडेला तिच्या मुलाने ट्रॅक्टर काढला होता, तोही आला. हे काम एका दुपारचे. पुढे जे काही झाले ते या वहीमुळे झाले.

*शिधा.* आक्षेप ऐकूनही पहिला शिधा आम्हीच पाठवला, पण मुदत घालून. दहा दिवसांचा, एकदाच. त्यासोबत तहसीलदारांना पत्र: इतक्या माणसांना इतक्या दिवसांचा शिधा लोकवर्गणीतून दिला आहे, त्यापुढची जबाबदारी शासन-आदेशानुसार कारखान्याची आहे, यादी जोडली आहे. पत्राची प्रत साखर आयुक्तालयाला आणि बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला. शिधा देताना फोटो काढायचा नाही, एवढा एक नियम ठेवला. वर्गणी देणाऱ्यांपैकी काहींना तो आवडला नाही.

किटमध्ये काय घालायचे यावरही बोलणी खावी लागली. शहरातल्या मित्रांनी तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर अशी पाकिटे बांधली होती. उसाच्या तळावर साखर! लोकांनी ज्वारी-बाजरी मागितली, सोबत काळे तिखट, शेंगदाणे, खायचा सोडा, काड्यापेट्या. आणि मिश्री. टाळेबंदीत तंबाखूची दुकाने बंद होती आणि दात न घासता आठ दिवस काढलेल्या आक्का कुणाशीही सरळ बोलायला तयार नव्हत्या. वर्गणीतून मिश्री घ्यावी का यावर आमच्या गटात जेवढा वाद झाला तेवढा पत्राच्या मसुद्यावर झाला नाही. घेतली नाही. गुरुजींनी स्वतःच्या पैशातून नेली असावी, मी विचारले नाही.

*कारखाना.* तहसीलदारांना गेलेल्या पत्रानंतर कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याने गुरुजींना बोलावले. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या हाताखालच्या चिटबॉयांनाच, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्यांनाच, तळावरची माणसे तोंडओळखीने माहीत होती, बाकी कार्यालयाला फक्त मुकादमाचे नाव आणि कोयत्यांचा आकडा. त्याचे पहिले म्हणणे, आम्ही मुकादमाला आगाऊ रक्कम देतो, तो किराणा भरेल. इथे अडून बसावे लागले. रक्कम मुकादमाच्या हातात गेली की ती खात्यावर चढणार. शेवटी कारखान्याने माल थेट तळावर उतरवायचे कबूल केले आणि 'सदर शिधा मजुरांच्या हिशेबात धरला जाणार नाही' अशी एक ओळ आपल्या पत्रात घातली. ही ओळ मिळवायला चार दिवस गेले. तेवढ्यात आमच्या दहा दिवसांपैकी निम्मे संपले.

मुकादमाला यात बाजूला ठेवले ते त्याला लागले. फोनवर तो म्हणाला, "ताई, मीबी वाहतूकदाराचं देणं लागतो. त्यो मला सोडणाराय का?" खरे होते. उचलीचा पैसा त्याने स्वतःच्या खिशातून दिलेला नसतो, त्याच्याही मागे कुणी उभा असतो.

*हापसा.* इथे आमच्यात सरळ दोन तट पडले. तरुण मुलांकडे काठ्या घेतलेल्या पोरांचा व्हिडिओ होता. तो टाकला असता तर दुसऱ्या दिवशी बातमी झाली असती. तळावर विचारले तर बहुतेकांनी नको म्हटले. हीच गावे पुढच्या वर्षी वाढे घेणार होती, याच रस्त्याने रात्री-बेरात्री बायका फडात जाणार होत्या. बौद्ध आणि मातंग कुटुंबांचे म्हणणे थोडे निराळे होते. सार्वजनिक पाणवठ्यावर अनुसूचित जातीच्या माणसाला अडवणे अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्यांच्यातल्या एका तरुणाला माहीत होते. पण अडवले होते सगळ्या तळाला, जात विचारून नव्हे, निदान तोंडाने विचारून नव्हे. तक्रार कशी मांडायची यावर घोळ झाला. त्याच आठवड्यात १४ एप्रिल आला. त्या तरुणाने कोपीच्या दारात बाबासाहेबांचा फोटो ठेवून मेणबत्ती लावली आणि गुरुजींना म्हणाला की महाडला तळ्यावर गेले त्याला शंभर वर्षे होत आली, अन् आपण टँकर मागायलोत.

टँकरच आला. आशाताईंनी ग्रामपंचायतीशी बोलून पाहिले, पोलीस पाटलांनी हात वर केले, आणि कारखान्याने दिवसाआड पाण्याचा टँकर सुरू केला. हापसा शेवटपर्यंत बंदच राहिला.

*निघणे की थांबणे.* टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे कळले त्या रात्री दोन गाड्या निघाल्या. चारा संपला होता आणि बैल उपाशी बघवत नव्हते. जिल्ह्याच्या सीमेवरच्या नाक्यावर त्यांना अडवले आणि एका शाळेतल्या निवारा केंद्रात ठेवले. बैल बाहेर चिंचेखाली बांधले. तिथे जेवण वेळेवर मिळाले, हे सांगायलाच हवे. चारा मात्र कुणाच्याच आदेशात नव्हता. वहीत माणसांची पाने होती, बैलांचे पान नव्हते. ते त्या रात्रीनंतर जोडले गेले. शेती अधिकाऱ्याने एका बागायतदाराचा शिल्लक कडबा मिळवून दिला, पण तोवर एका गाडीवानाने एक बैल विकला होता. बाजार बंद, त्यामुळे व्यापारी तळावरच आला आणि म्हणेल त्या भावाने घेऊन गेला.

काय झाले

१७ एप्रिलला राज्य सरकारने अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी जायची परवानगी दिली. तेव्हा राज्यात ३८ कारखान्यांच्या हद्दीत १ लाख ३१ हजारांच्या घरात मजूर असल्याचे सांगितले गेले. कारखान्याने यादी करायची, आरोग्य तपासणी करून घ्यायची, वाहने द्यायची, गावाला कळवायचे. यादी म्हटल्यावर कारखान्याकडे पुन्हा मुकादमांची नावे आणि कोयत्यांचे आकडे निघाले. प्रवासाचा परवाना माणसागणिक हवा होता. शेवटी त्या शंभर पानी वहीवरूनच परवान्याची यादी टाइप झाली. कारखान्याच्या शिक्क्याच्या कागदावर त्या तळावरच्या बायकांची नावे स्वतंत्र ओळीत पहिल्यांदा आली ती अशी. पुढे एकीला बँकेच्या कामात तोच कागद उपयोगी पडला.

तपासणी म्हणजे कपाळासमोर यंत्र धरणे आणि खोकला आहे का विचारणे. सातव्या महिन्यातल्या दोघींना आशाताईंनी हट्टाने ग्रामीण रुग्णालयात नेऊन दाखवून घेतले. माणसे एप्रिलच्या अखेरीस ट्रकमधून निघाली. ट्रकमध्ये अंतर ठेवणे कागदावरच राहिले. बैलगाड्यांचा ट्रक तीन दिवसांनी गेला. तोवर बैलांपाशी काही पुरुष थांबले.

गावी पोहोचल्यावर वेगळेच. एका गावात लोकांनी वेशीवरच थांबवले. सरपंचांनी संमती कळवली होती, पण लोकांनी त्यांचे ऐकले नाही. आमच्या बीडकडच्या बचतगटाच्या बायका मध्ये पडल्या, तेव्हा शाळेच्या दोन खोल्या उघडल्या. मुले शाळेच्या फाटकापर्यंत यायची आणि आई आतून बोलायची. शेतात स्वतःची जागा असलेल्यांनी शेतातच विलगीकरण काढले आणि ते जास्त सुखाचे झाले. ज्यांच्याकडे शेत नाही, म्हणजे बहुतेक दलित आणि पारधी कुटुंबे, ती शाळेत राहिली. दोन खोल्यांत कोण आहे याची यादी पाहिली तर गावातल्या जमिनीचा उतारा वाचल्यासारखे होते.

हिशेबाबाबत यश अर्धेच. पट्टा पडल्यानंतरच्या दिवसांचा खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, लावायचा नाही हे मुकादमाने शेती अधिकाऱ्यासमोर मान्य केले. ट्रकमध्ये बसण्याआधी प्रत्येकाला हिशेबाची चिठ्ठी मिळावी ही मागणी होती. ती मिळाली थोड्यांनाच. उरलेल्यांना 'गावाकडं आल्यावर बघू' असे उत्तर मिळाले, आणि त्यातल्या काहींची बाकी जूनमध्ये ऐकली तेव्हा मार्चपेक्षा जास्त होती. शिधा हिशेबात धरणार नाही हे पत्र त्या वेळी कामी आले. ज्यांनी त्याची प्रत फोनमध्ये जपली होती त्यांचा तेवढा भार उतरला.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये संघटनांच्या संपानंतर तोडणीच्या दरात १४ टक्के वाढ झाली, टनाला सुमारे २७३ रुपये. पुढे ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड मजुरांची नोंदणी आणि ओळखपत्रे, कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारचे, असे निर्णय झाले. यांचा आमच्या वहीशी संबंध जोडायचा नाही. त्यामागे संघटनांचा जुना लढा आहे. पण ओळखपत्र स्त्रीच्या स्वतंत्र नावाने मिळावे हा आग्रह त्या तळावरच्या बायकांनी आपापल्या ग्रामसेवकाकडे धरला, आणि काहींना तसे मिळाले.

निर्णयांकडे मागे वळून पाहताना

शिधा आधी की पत्र आधी, यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझे मत असे की दोन्ही एकाच दिवशी गेले ते बरोबर झाले, आणि मुदत घातली ते त्याहून बरोबर. मुदत नसती तर दुसरे किट, तिसरे किट असे करत मे उजाडला असता आणि कारखान्याला कुणी काही विचारलेच नसते. ज्या मैत्रिणीने आक्षेप घेतला होता तिचे म्हणणे, पत्र दोन आठवडे आधी, २९ मार्चलाच जायला हवे होते, तेव्हा ना भूक होती ना घाई. हे खोडून काढता येत नाही. पट्टा पडणार हे कॅलेंडरवर दिसत होते. ऊसपट्ट्यात संकट कधी येणार याची तारीख चिटबॉयसुद्धा सांगू शकतो.

मुकादमाला वगळल्याने शिधा कर्ज होण्यापासून वाचला. पण हिशेबाच्या चिठ्ठ्या अडल्या त्या त्याच रागातून, असे मला वाटते. वाहतूकदाराला कारखान्याने त्याच बैठकीत बसवले असते आणि मुकादमाच्या डोक्यावरचा भार तिथेच बोलला गेला असता, तर चिठ्ठीला तो इतका आडवा गेला नसता. मुकादम शोषण करतो हे खरे. पण त्या साखळीत सर्वांत जवळचा आणि सर्वांत सहज सापडणारा तोच असल्यामुळे सगळा राग त्याच्यावर निघतो आणि मागचे दोघे सावलीत राहतात.

बैल पहिल्याच दिवशी वहीत हवे होते. मदतकार्याचे सगळे नमुने माणशी किलोत बांधलेले असतात. गाडीवानाच्या घरात बैलजोडी म्हणजे लाखभराचे भांडवल, आणि तेही बहुतेक वेळा उचलीतूनच घेतलेले. तो बैल विकला गेला त्या कुटुंबाने पुढच्या हंगामात गाडी सोडून टोळी धरली. दोघांच्या कमाईत पडणारा फरक कुठल्याच नुकसानीच्या यादीत आला नाही.

हापशाबद्दल मी अजून ठाम नाही. व्हिडिओ न टाकण्याचा निर्णय तळाचा होता आणि तो मानणे योग्यच होते. पण प्रसिद्धी देणे आणि नोंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही त्या एकच धरल्या. तहसीलदारांना लिहिलेल्या त्याच पत्रात, कुणाचे नाव न घेता, 'सार्वजनिक हापशावर पाणी भरू दिले जात नाही' एवढी एक ओळ घालता आली असती. तिने कदाचित काही झाले नसते. आज मात्र शासनाच्या दप्तरात त्या गावाची नोंद 'मजुरांना टँकरने पाणीपुरवठा केला' एवढीच आहे, आणि ती वाचणाऱ्याला वाटेल की पाणीच कमी होते.

शेवटचा मुद्दा वहीचाच. त्या पानांवर आधार क्रमांक होते, गरोदर बायकांची नावे होती, आजार होते. फोटो एका गटातून दुसऱ्यात गेले, तिथून पत्रकारांकडे, एका राजकीय कार्यकर्त्याकडे. मेमध्ये त्यातल्या काहींना 'सरकारी मदत खात्यावर जमा करायची आहे, ओटीपी सांगा' असे फोन येऊ लागले. कुणी फसले नाही, कारण कुणाच्या खात्यात काही नव्हते. आता अशी यादी करताना आम्ही दोन वह्या ठेवतो. एकीत नाव, गाव, कोपी, बैल. ती कुणालाही द्यायची. दुसरीत आधार आणि आजार. ती तळावरच्या बाईकडेच राहते आणि लागेल तेव्हा ती स्वतः वाचून दाखवते. त्या वहीचा फोटो काढू द्यायचा नाही, हे आम्ही तळावर पोहोचण्याआधीच सांगून टाकतो.